खवल्याचे डोळे

४ तारीख, शुक्रवार

काल सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, आंघोळ केली, देवापुढे बसलो आणि मग बायकोकडून पाठीला तेल चोळून घेतलं. आमच्या मालिकेच्या हंगामाचा शेवटचा भाग असला की मी हे चुकवत नाही. खवल्याचं अंग जड आहे. ते चढवून दिवसभर वाकून बसायचं तर पाठीने साथ द्यायला हवी. तेल चोळता चोळता बायको म्हणाली, आज धाकट्याला जरा सांभाळून घ्या. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. मी म्हटलं, त्याला काय सांभाळायचं, घोड्याएवढा झालाय. ती बाटलीचं झाकण लावत राहिली.

एवढं नीट लिहून झालं. आता पुढचं. पेन कागदातून आरपार जाईल इतका राग आहे.

आमची मालिका आकाशयानाची. सुरुवातीला जी मुलं ती बघायची ती आता आपापली मुलं मांडीवर घेऊन बघतात. यानात बाकी सगळी माणसं, खवल्या एकटा परग्रहावरचा, आपल्या जातीतला शेवटचा. यानाच्या पोटात भट्टीपाशी बसून असतो. फारसा बोलत नाही, पण ज्याला कुणाला रडायचं असेल तो त्याच्यापाशी येऊन बसतो. लोकांना वाटतं खवल्या एक आहे. खरं म्हणजे तो आम्हा दोघांचा मिळून आहे. मी आत असतो. माझा उजवा हात वर त्याच्या मानेत, डोकं आणि जबडा हलवायला, आणि डावा हात त्याच्या हातात. डोळे मेहुण्याकडे. खवल्याच्या डोक्यातून एक केबल निघते, पाठीतून आणि शेपटीतून भिंतीमागे जाते, आणि तिथे मेहुणा स्टुलावर बसून ती बोटांनी ओढतो. ओढली की पापण्या उघडतात, सोडली की स्प्रिंगने मिटतात. हे असं उलटं का, असं नवा माणूस हमखास विचारतो. मुळात खवल्या एकाच भागापुरता होता. भागभर झोपलेला आणि शेवटी डोळे उघडणारा राक्षस. लोकांना आवडला म्हणून राहिला, आणि ती स्प्रिंगही तशीच राहिली. म्हणजे खवल्या टक लावून बघतो तेव्हा मेहुणा सबंध वेळ केबल ताणून धरून बसलेला असतो.

लेखिकाबाईंनी फार पूर्वीच नियम करून ठेवलाय की ही जात एकदा जागी झाली की मरेपर्यंत डोळे मिटत नाही. पापणी लवते, मिटत नाही. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ आहे.

कालचा प्रसंग असा. यान फुटतं, तळात पाणी शिरतं, बाकीच्यांना निसटता यावं म्हणून खवल्या दाराला पाठ लावून बसतो. पाणी गळ्याशी येतं, डोक्यावरून जातं. पाण्याखाली त्याचे डोळे उघडे, आणि त्या उघड्या डोळ्यांवर हंगाम संपतो. म्हणजे तो आहे, पुढच्या हंगामात परत येणार, तोवर वाट बघा. पाणी एकदाच सोडता येणार होतं. सेट प्लायवुडचा, भिजला की फुगला.

मी आत, तोंडात हवेची नळी. पाणी चढायला लागलं तसं मनात देवाचं नाव घेतलं आणि केबलला दोन टिचक्या मारल्या. ही आमची खूण. पलीकडून एक झटका येतो, म्हणजे तोही तयार. झटका आला. पाणी कानांवरून गेलं. माझ्या मानेपाशी केबल थरथरत होती. मनात म्हटलं, काय जीव ओततोय पठ्ठ्या. मग ती ढिली पडली. मला वाटलं, झालं, दिग्दर्शकांनी थांबवलं असेल.

बाहेर आलो तर एकही टाळी नाही. आमच्या दिग्दर्शकांना आम्ही मागून घाईसाहेब म्हणतो. ते पडद्यासमोर बसून होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. म्हणाले, "मिटले." मला दाखवलं. पाणी डोक्यावरून जातं, डोळे उघडे, बराच वेळ उघडे, मग फडफडतात आणि मिटतात.

मेहुणा भिंतीमागून आला. दोन्ही हात पँटच्या खिशात. बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याकडून मिटले." बस, एवढंच. मी अंगावरून पाणी निथळत उभा, आणि हा खिशातून हात काढायलाही तयार नाही.

६ तारीख, रविवार

रविवारी तो आमच्याकडे जेवायला असतो. आज आला नाही. आला नाही ते बरं झालं, नाहीतर ताटावरून उठवला असता.

बायकोने डबा भरला आणि त्याच्या खोलीवर घेऊन गेली. मी म्हटलं, ज्याने माझ्या हातचं काम घालवलं त्याला डबा कशाला. ती म्हणाली, तो माझा भाऊ आहे, तुमचा डोळेवाला नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणजे तिनेही त्याला चांगलं फैलावर घेतलं असणार. घेऊ दे. घरच्यांपैकी कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

प्रार्थनेला बसलो तर शब्द पुढे सरकेनात. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला तासभर हूं की चूं न करता बसवायचे. त्याच बळावर मी आजवर खवल्याच्या आत बसत आलो. आज देवापुढे धड बसता येईना. सारखं मनात येत होतं, तो असं करूच कसा शकला.

८ तारीख, मंगळवार

स्टुडिओच्या कँटीनमध्ये गाठला. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता, कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, जणू हिवाळा आहे. बाहेर घामाच्या धारा. अंगात तो गोल गळ्याचा शर्ट. हल्ली या वयात पोरांसारखे गोल गळ्याचे शर्ट घालून हिंडतो, विचारलं तर म्हणतो बटणांचा कंटाळा येतो. सगळ्याचाच कंटाळा आलाय त्याला. पूर्वी दुपारच्या सुट्टीत आम्ही पत्ते खेळायचो. मग म्हणायला लागला, तुम्हीच पिसा, तुम्हीच वाटा, तुमच्या हातून मला पानं चांगली येतात. मग खेळणंच सोडलं.

मी समोर बसलो आणि सरळ विचारलं, का केलंस. तो म्हणाला, झालं. मी म्हटलं, झालं म्हणजे काय, आपोआप झालं? इतकी वर्षं एकदा मिटले नाहीत आणि नेमके त्या दिवशी मिटले? त्यावर तो म्हणाला, "भाऊजी, तुमचा चहा निवतोय."

माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवून म्हटलं की तुला हे संपवायचंच होतं, तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून असं संपवलंस. आजूबाजूचे लोक बघायला लागले. त्यालाही राग येईल, तो उलट बोलेल, निदान भांडण तरी होईल असं मला वाटत होतं. पण तो टेबलावर सांडलेला चहा बाहीने पुसत राहिला. त्याच्याच कपातून सांडला होता. निष्काळजी माणूस सगळीकडे निष्काळजी.

९ तारीख, बुधवार

निर्मात्या बाईंनी बोलावलं. त्यांची खोली काचेची आहे. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे माणूस जास्त घाबरतो. म्हणाल्या, सेट गेला तर गेला, फक्त खवल्याचं डोकं घेऊन काचेच्या टाकीत तेवढा तुकडा पुन्हा घेता येईल. डोळे उघडे. जुन्याला जोडून टाकू. महिनाअखेर भाग दाखवायचाय, त्यामुळे एकोणीस तारखेच्या शनिवारी हे उरकायचं. डोळ्यांवर मुखवटेवाली बसेल. खवल्याचं कातडं दुरुस्त करते ती, जिभेची तिखट पण कामाला चोख. मेहुण्याला आता परत घ्यायचं नाही, हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"तुमचा होकार हवा," त्या म्हणाल्या. "ते डोकं तुमच्या हातावर बेतून घडवलंय. दुसऱ्या कुणाला ते चालवता येत नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण चटकन हो म्हणणं आमच्याकडे हलकेपणाचं समजतात. खवल्या जगला पाहिजे, यात मला शंका नाही. त्याच्याशिवाय मी म्हणजे पाठदुखी असलेला एक माणूस.

११ तारीख, शुक्रवार

आज सगळं उघड झालं.

टपाल टाकून येत होतो. चौकातल्या त्या नव्या इमारतीतून मेहुणा बाहेर पडताना दिसला, बगलेत मोठं पाकीट. मला बघून दचकला आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला. त्या इमारतीत दुसरं आहे काय? खाली दातांचा दवाखाना, सगळ्यात वर नसांचे डॉक्टर आणि मधल्या मजल्यावर लहान मुलांच्या वाहिनीचं ऑफिस. त्या वाहिनीवर बाहुल्यांचा नवा कार्यक्रम येतोय हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे हा तिकडे बोलणी करतोय. खवल्याचे डोळे मिटून मोकळा झाला आणि दुसऱ्याचे उघडायला निघाला.

घरी न जाता तसाच बाईंकडे गेलो आणि होकार देऊन टाकला.

१२ तारीख, शनिवार

बायकोला सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही त्याला काढलंत?"

मी म्हटलं, मी कोण काढणारा, तोच दुसरीकडे चाललाय. इमारतीचं सांगितलं. तिन्ही मजले सांगितले. ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मला वाटलं माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय. मग म्हणाली, "तुम्ही त्या रबराच्या बाहेर कधी बघता का हो?"

त्यानंतर दिवसभर एक शब्द नाही. आता हिचाही राग सहन करायचा. चूक भावाची आणि अबोला माझ्याशी.

१४ तारीख, सोमवार

मुखवटेवालीबरोबर पहिली तालीम झाली. मी आत बसलो, दोन टिचक्या मारल्या. पलीकडून झटका आला, तिला कुणीतरी शिकवला असणार. केबल ताणली गेली आणि तशीच राहिली, खुंटीला बांधल्यासारखी. मग घाईसाहेबांचा आवाज आला, "हा खवल्या नाही हो. हा कपड्यांच्या दुकानातला पुतळा आहे."

पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. मी आतूनच ओरडून विचारलं की त्यात एवढं अवघड काय आहे, ओढायचं आणि धरायचं. भिंतीमागून मुखवटेवाली म्हणाली, "तेच तर करतेय. माझे हात स्थिर आहेत, त्याला मी काय करू?"

मला कळलं नाही. मी विचारलं, स्थिर आहेत तर चांगलंच आहे ना. ती भिंतीमागून बाहेर आली आणि खवल्याच्या छातीच्या फटीपाशी तोंड आणून हळू म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"त्यांचे हात थरथरतात. गेले दोन हंगाम. म्हणून तर ते डोळे तसे ओले वाटायचे. लोकांची एवढी पत्रं यायची ती कशाची, तुम्हाला काय वाटलं?"

मी आत तसाच, उजवा हात वर. माझी बोटं सैल पडली असावीत, कारण खवल्याचा जबडा उघडा पडला आणि बाहेर कुणीतरी हसलं. घाईसाहेब त्याच्यावर खेकसले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. चहावाल्याला माहीत होतं, दिवे लावणाऱ्याला माहीत होतं. त्या दिवशी पाण्यात तो जीव ओततोय असं वाटलेला मूर्ख तेवढा मी एकटा.

घरी आलो. बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मी न जेवताच उठलो.

१५ तारीख, मंगळवार

त्याच्या खोलीवर गेलो. आतून कडी काढायला त्याला किती वेळ लागला. मी बाहेर उभा राहून ती खुडबुड ऐकत होतो आणि प्रत्येक आवाजाला राग वाढत होता. कुणाचा राग, हे मात्र आता नीट सांगता येईना.

दार उघडल्या उघडल्या मी सुरू झालो. म्हटलं, मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंस.

"कुणालाच सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्यांनी बघितलं."

मग त्यानेच मला सांभाळून घेतलं. म्हणाला, तुम्ही आत असता, तुम्हाला कसं दिसणार. मी म्हटलं, आणि घरी? रविवारी समोरासमोर जेवतो तेव्हा मी कशाच्या आत असतो? त्यावर तो हसला. नेहमीचं हसू, लहानपणी लग्नात माझे बूट लपवून हसला होता तसं. त्या हसण्यानेच मला जास्त आग लागली.

मग त्याने सांगितलं. नसांचा आजार आहे, हळूहळू वाढतो, मागे फिरत नाही. त्या पाकिटात डोक्याचे फोटो होते. मी मधल्या मजल्यावरून संशय घेत होतो आणि तो वरच्या मजल्यावर जात होता. सुरुवातीला त्याला वाटलं होतं काम आज जाईल, उद्या जाईल. उलट लोक डोळ्यांचं कौतुक करायला लागले. घाईसाहेब म्हणाले, असंच ठेवा. मग तो तसंच ठेवत गेला, दुसरं काही ठेवणं हातात नव्हतंच. त्या दिवशी पाण्याचा प्रसंग लांबला.

"दोन्ही हातांनी धरलं होतं भाऊजी," तो म्हणाला. "शेवटी मनगटाला गुंडाळलं. तरी गेलं."

त्याच्या मनगटावर केबलचा वळ होता, काळानिळा. दोन आठवडे होत आले तरी गेलेला नाही. कँटीनमध्ये मी समोर बसून त्याला शिव्याच घालायच्या बाकी ठेवल्या होत्या आणि तो वळ बाहीखाली होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आत बसून खवल्या झाला नसतात, माझी काळजी करत बसला असतात. आणि घरी येऊन देवाशी भांडला असतात. तुमचं आणि देवाचं चांगलं चाललंय, त्यात मी कशाला येऊ.

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी पाणीही न पिता निघालो. म्हणाला, मुखवटेवालीला मी शिकवतो. कसं थरथरायचं ते. हुशार आहे, चार दिवसांत जमेल तिला. खवल्या राहू दे, तुमचं पोट आहे त्याच्यावर.

संध्याकाळी देवापुढे बसलो. विचारलं, एवढ्या सगळ्या जगात तुला हीच बोटं सापडली का. बराच वेळ बसलो. मग हात न जोडता उठलो. आजवर असं कधी उठलो नव्हतो.

१८ तारीख, शुक्रवार

उद्याच्या आधीची शेवटची तालीम. काचेची टाकी आली आहे. डोकं टाकीत, मी खालून हात घालून बसलेला. भिंतीमागे दोन स्टुलं. एकावर मुखवटेवाली, दुसऱ्यावर मेहुणा.

टिचक्या मारल्या. झटका आला. आणि माझ्या मनगटाशी केबल थरथरली. अगदी तशीच, जरा वेगात, मग मंद, मग पुन्हा. मला क्षणभर वाटलं तोच आहे. खवल्याने पाण्यातून बघितलं. बाहेर कुणीतरी हुंदका दिला. टाळ्या वाजल्या, घाईसाहेबांनी मुखवटेवालीची पाठ थोपटली, निर्मात्या बाई स्वतः खाली उतरून आल्या होत्या, त्या म्हणाल्या, कुणाला ओळखू येणार नाही. सगळ्यांच्या मानेवरचं ओझं उतरलं.

हात बाहेर काढून एका खोक्यावर बसलो. तिथून भिंतीमागचं दिसत होतं. मी इतक्या वर्षांत भिंतीमागे काय चालतं ते एकदाही बघितलं नव्हतं. मेहुण्याचे हात आज खिशात नव्हते. मांडीवर होते, उघडे, आणि हलत होते. शेजारी तिचे हात होते, तेही तसेच हलत होते, सराव म्हणून. तो तिला समजावत होता की करंगळी आधी सुटते, मग बाकीची. ती मान हलवत होती. जीव लावून शिकत होती, तिला नावं ठेवता येणार नाहीत. मग चहा आला. तिने कप घेतला आणि तिचे हात थांबले. त्याचे थांबले नाहीत. तिने आपला कप खाली ठेवला, त्याचा उचलून त्याच्या दोन्ही हातांत नीट बसवला, आणि मग आपला प्यायली.

बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, उद्या एकदाच घेऊ, आजच्यासारखंच झालं पाहिजे. मी मान हलवली. उद्या, आणि पुढच्या हंगामात, आणि त्याच्या पुढच्या. तो खोलीत बसून कडीशी झटापट करणार, आणि इकडे त्याच्या आजाराची सोंगं माझ्या मनगटाला रोज जाणवणार, आणि लोक म्हणणार काय जिवंत डोळे आहेत. आणि मी देवाचं नाव घेऊन टिचक्या मारणार.

राग इतका आला की कान तापले. बाईंचा नाही, त्यांना मालिका चालवायची आहे. मुखवटेवालीचा नाही. मेहुण्याचा तर आता कसा करू. ज्याचा आहे तो ऐकतो की नाही कुणास ठाऊक.

१९ तारीख, शनिवार

सकाळी बायकोने तेलाची बाटली आणली. मी म्हटलं, आज नको. तिने विचारलं, का. मी म्हटलं, आज बसायचं नाही. ती बाटली परत कपाटात ठेवून आली. हल्ली घरात मलाच सगळं उशिरा कळतं, तिला आधी.

मेहुण्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, माझ्या पोटापाण्याचं सांगत बसला असता, आणि मी ऐकलं असतं. ज्या चुलीसाठी तो शिकवत होता तिच्यात पाणी ओतायला मी निघालो होतो आणि त्याला विचारायची मला छाती नव्हती. हा माझा भित्रेपणा आहे की काय, ते देव बघेल. आमचं सध्या बोलणं नाही.

स्टुडिओत मुखवटेवाली आधीच आली होती. खवल्याचं डोकं लाकडी घोडीवर चढवून खवले पुसत होती. ओढणारं कुणी नाही, त्यामुळे डोळे मिटलेले. मी पक्कड मागितली. कशाला, तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "केबल रबरातच ओतलेली आहे. एकदा उपटली की डोकं चिरल्याशिवाय दुसरी बसत नाही. आणि चिरलं की ते डोकं राहत नाही."

मी म्हटलं, माहीत आहे. तिने पक्कड दिली नाही लगेच. हातात खेळवत राहिली. म्हणाली, चार दिवस रात्रंदिवस बोटं झिजवून शिकले मी ते. मी म्हटलं, चांगलं शिकलीस, म्हणूनच. मग तिने पक्कड माझ्या हातात ठेवली आणि खवल्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, हलू नये म्हणून.

सहज निघेल असं वाटलं होतं. निघेना. पाय घोडीला रोवून ओढावं लागलं. रबर फाटल्याचा आवाज आला आणि केबल सुटून आली, टोकाला डोळ्यांच्या दोन्ही कड्या. मुखवटेवालीने तोंड फिरवलं. मी ओरडलो की काय केलं ते आठवत नाही, पण दिवे लावणारा धावत आला आणि दारातच थांबला.

केबल गुंडाळली आणि तशीच हातात धरून वर गेलो. बाई फोनवर होत्या. मी केबल त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी फोन ठेवला, केबलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, हे काय केलंत. मी म्हटलं, त्या दिवशी डोळे जसे मिटले तसेच दाखवा. त्या म्हणाल्या, ती चूक होती, एका माणसाच्या हातून झालेली चूक, आपण ती दुरुस्त करत होतो. लोक इतकी वर्षं त्याच्यावर जीव लावून बसलेत, त्यांना काय सांगू?

"खवल्या मेला म्हणून सांगा."

"कशावरून मेला?" त्यांनी विचारलं.

"मी आत होतो," मी म्हटलं.